तुम्ही विचारलंत म्हणून: हा लेझरच नाही का?

ऑप्टिक्स शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच: "प्रकाशाचं बोस-आइनस्टाईन कंडेन्सेट म्हणजे शेवटी लेझरच ना? मग वेगळं नाव कशाला?"

प्रश्न रास्त आहे. दोन्हींत असंख्य फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच अवस्थेत गोळा होतात. फरक आहे तो तिथवर पोचण्याच्या वाटेत. 2010 साली बॉन विद्यापीठात मार्टिन वाइट्झ यांच्या गटाने दोन वक्र आरशांमध्ये, जेमतेम दीड मायक्रॉनच्या फटीत, ऱ्होडामीन या रंगाचं द्रावण ठेवलं. रंगाचे रेणू फोटॉन गिळतात, पुन्हा सोडतात. हे इतक्यांदा होतं की प्रकाश त्या द्रावणाच्याच तापमानाला येतो, म्हणजे साध्या खोलीच्या. लेझरमध्ये ही सवड फोटॉनांना मिळत नाही. संख्या सुमारे 77 हजारांपुढे गेली की जादाचे फोटॉन सगळ्यात खालच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत उतरतात. हेच कंडेन्सेट. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये ढाक्याहून आइनस्टाईनना पाठवलेला लेखही फोटॉनांबद्दलच होता, म्हणून या प्रयोगावर माझा विशेष जीव आहे.

पण एका अवस्थेत जमले म्हणजे सुसंगत झाले, त्यांच्या लाटेचा ताल टिकून राहिला, असं नाही. मला सांगायचंय ते हेच.

उत्तेजित रेणू, म्हणजे फोटॉन गिळून बसलेले रेणू, ही जणू फोटॉनांची पेढी. ठेव सारखी काढली जाते, सारखी भरली जाते. पेढी मोठी असली की कंडेन्सेटमधली संख्या जवळपास सरासरीएवढीच वरखाली होते आणि मधेच शून्याला टेकते. तिथे फेज (पाठ्यपुस्तकातली 'कला', म्हणजे लाट तिच्या चढ-उतारात नेमकी कुठे आहे ते) हरवते. पुढचा फोटॉन एखाद्या रेणूतून आपणहून सुटतो. त्याची फेज कुठलीही असू शकते, आणि मागून येणारे तीच धरतात. भजनात सगळे टाळ थांबावेत आणि कुणी एकाने नव्याने ठेका धरावा, तसं. आधीच्या ठेक्याशी त्याचा संबंध नसतो.

2016 मध्ये याच गटाने कंडेन्सेटचा प्रकाश एका संदर्भ-लेझरच्या प्रकाशात मिसळून या उड्या थेट टिपल्या. लेझरची फेजही सरकते, पण हळूहळू, कणाकणाने. इथे ती एका झटक्यात बदलते.

कंडेन्सेट मोठं केलं की शून्याला टेकण्याची वेळ क्वचितच येते. संख्या तेव्हाही जोरात हेलकावत असते, आणि तरी फेज टिकून राहते.