कमोडोर ६४: एरर एका ओळीवर, चूक दुसऱ्या

सध्या व्हाइस एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं बेसिक (त्याची प्रोग्रामिंग भाषा) चाललंय. या खेपेला प्रोग्राम बाजूला ठेवून एररच मुद्दाम ओढवून घेतले. १९८२ च्या या मशीनचं बेसिक ८ केबीच्या रॉममध्ये (न पुसणाऱ्या मेमरीत) बसवलंय, त्यामुळे काटकसर एररच्या तक्त्यातही दिसते. संदेश कुठे संपतो हे कळावं म्हणून त्याच्या शेवटच्या अक्षराचा सर्वांत वरचा बिट १ केलाय, म्हणजे तेवढ्यासाठी वेगळा बाइट नको. 'एरर' हा शब्दही एकदाच साठवलाय, तो प्रत्येक संदेशामागे छापला जातो.

ज्यांनी केलं नसेल त्यांनी हे करून बघाच: स्क्रीनवरच्या 'रेडी.' या ओळीवर कर्सर नेऊन रिटर्न दाबा. '?आउट ऑफ डेटा एरर' येतो. स्क्रीनवरची ओळ मशीन आपणच टाइप केल्यासारखी वाचतं. रेडीच्या स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं त्याला 'रीड' (डेटाच्या ओळीतून आकडा उचलणारी) कमांड वाटतात आणि उरलेला 'वाय' व्हेरिएबल. आता '१० डेटा ५' अशी ओळ आधी टाका आणि परत तेच करा. या वेळी टिंबाशी अडून सिंटॅक्स एरर येतो, पण तोवर 'वाय'मध्ये ५ जाऊन बसलेला असतो. प्रिंट करून खात्री करा.

खरा उपयोग जुन्या मासिकांतली लिस्टिंग, म्हणजे छापील प्रोग्राम, टाइप करताना होतो. डेटाच्या ओळीत '१६९,३२' मधला स्वल्पविराम गळला, की १६९३२ ही संख्या तयार होते. पोक (मेमरीत आकडा ठेवणारी कमांड) २५५ च्या वर घेत नाही, म्हणून 'इल्लीगल क्वांटिटी' येतो तो पोकच्या ओळीवर. ती ओळ कितीही वेळा तपासा, निर्दोषच असते! याउलट शून्याऐवजी 'ओ' अक्षर पडलं तर सिंटॅक्स एरर थेट डेटाच्या ओळीचा नंबर दाखवतो. इथे मात्र पत्ता बरोबर असतो, फक्त सिंटॅक्स हे नाव फसवं. एकूण काय, नंबर सांगतो तो इंटरप्रिटर (प्रोग्राम ओळीओळीने वाचून चालवणारा भाग) कुठे थबकला एवढंच.

तुलनेसाठी टीआरएस-८० या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरचं लेव्हल वन बेसिक बघितलं. १९७७ चं मशीन, रॉम फक्त ४ केबी, आणि एरर मोजून तीन. 'व्हॉट?' म्हणजे कळलंच नाही, 'हाऊ?' म्हणजे कळलं पण जमणार नाही, 'सॉरी' म्हणजे मेमरी संपली. पण ओळ पुन्हा छापून नेमकं जिथे अडलं तिथे प्रश्नचिन्ह घालतं! हे त्याने ली-चेन वँगच्या १९७६ च्या पालो आल्टो टायनी बेसिककडून घेतलंय. स्पेक्ट्रम हा आणखी एक जुना घरगुती कॉम्प्युटरही '४०:३' असं लिहून चाळिसाव्या ओळीतलं तिसरं विधान दाखवतो. या बाबतीत कमोडोर मला अगदीच कंजूष वाटतो.

त्यावर एक तोड मात्र आहे. पोकवर एरर आला की काहीही बदलण्याआधी हे टाइप करा ('पीक' म्हणजे मेमरीतल्या त्या जागेचा आकडा वाचणं):

प्रिंट पीक(६३)+२५६*पीक(६४)

शेवटचा आकडा डेटाच्या ज्या ओळीतून उचलला, तिचा नंबर मिळतो. पुढच्या खेपेला हीच ओळ माझ्या लोडरच्या (डेटातले आकडे मेमरीत भरणाऱ्या प्रोग्रामच्या) शेवटी घालून ठेवणार आहे, म्हणजे एरर आला की नुसतं 'गोटू' करून तिथे जाता येईल.