शटरला मोटर चार तासांत, सेन्सरला सात आठवडे

परभणीत घराच्या पार्किंगच्या शटरला मोटर बसवणं हे चार तासांचं काम आहे. फॅब्रिकेशनवाला सकाळी शिडी घेऊन येतो, जुन्या स्प्रिंगा उतरवतो, पाइपाच्या टोकाला स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक लावतो, शेजारी मोटर, चेन, रिमोटचा डबा, आणि जेवायच्या वेळेला शटर बटणावर पळायला लागतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढचे सात आठवडे मात्र एका सेन्सरपायी गेले आणि तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

सेन्सर म्हणजे शटरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसणारे दोन छोटे डबे. एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा घेतो. मधे काही आलं की शटरनं थांबायचं आणि परत वर जायचं.

तो का लागतो? आमचं शटर 10 फूट रुंद, 9 फूट उंच, पट्ट्या 1.25 मिलिमीटर जाडीच्या. एवढ्या जाडीचा सपाट पत्राच चौरस मीटरला पावणेदहा किलो भरतो. पट्टीच्या वळणात जास्तीचा पत्रा जातो, तळाला अँगल असतो, म्हणजे सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. साइड मोटर, म्हणजे शटरच्या बाजूला बसून चेननं पाइप फिरवणारी मोटर, हे वजन सहज पेलते, पण खाली काय आहे हे तिला कळत नाही. तिला फक्त फेरे कळतात, ठरलेल्या फेऱ्यांवर तिला बंद करणारा लिमिट स्विच येईपर्यंत ती सोडत राहते. मधे लेकरू आलं तरी शटर आपल्या वजनानं त्याच्यावर टेकतं आणि वरच्या पट्ट्या मागून उतरतच राहतात. अमेरिकेत 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज मोटरला अडथळ्यापासून बचावाची सोय कायद्यानं सक्तीची आहे. आपल्याकडं "मॅडम, सेन्सर कोणी लावत नाही इकडं" एवढ्यावर विषय मिटतो.

सेन्सरची जोडी मी वेगळी विकत घेतली, तिथंच अडकले. मोटरचा डबा उघडला तर आत वर, खाली, थांब आणि कॉमन एवढेच स्क्रू. सेन्सरची वायर लावायला जागाच नाही. म्हणून मोटर घेण्याआधी दुकानात डबा उघडायला लावा. आतल्या सर्किट बोर्डावर 'आयआर' किंवा 'फोटो' असं लिहिलेला वेगळा पॉइंट दिसला तरच पैसे द्या. दुकानदार "बसतं की सगळं" म्हणेल. बसत नाही.

पॉइंट असलेला बोर्ड कंपनीच्या संभाजीनगरच्या काउंटरवर मिळतो असं कळलं. बाहेरचा लावला तर वॉरंटी जाणार, त्यामुळं त्यांच्याकडूनच घेणं भाग. त्यासाठी एक फॉर्म. फॉर्मला तीन गोष्टी लागतात: मोटरचं बिल, सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो आणि बसवणाऱ्याचा शिक्का. माझ्या बिलावर लिहिलं होतं, 'शटर मोटर, 1 नग'. मॉडेल नाही, नंबर नाही. काउंटरवरच्या पोरानं फॉर्म दोन बोटांनी परत सरकवला. फॅब्रिकेशनवाला बिल बदलून द्यायला तयार होता, पण त्याच्या होलसेलवाल्यानंही त्याला नंबर न टाकताच बिल दिलेलं, त्यामुळं आधी ते दुरुस्त व्हायला हवं. दोन आठवडे त्यातच गेले. बिल हातात घेताना मॉडेल आणि सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या, तेव्हा ते अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

सिरियल नंबरची पट्टी मोटरच्या भिंतीकडच्या अंगाला होती. नऊ फुटांवर, पत्र्याच्या कव्हरमागं, भिंतीपासून चार बोटं अंतर. मेन बंद केलं, कव्हर उतरवलं, मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ घेतला आणि त्यातून चित्र काढलं. शेवटचे दोन आकडे पुसट आले म्हणून फॉर्म पुन्हा परत! मोटर खोक्यातून निघते तेव्हा ती जमिनीवर असते, पट्टीचा फोटो त्या वेळीच काढायचा.

तिसऱ्या खेपेला फॉर्म घेतला गेला आणि "आठ दिवसांत फोन येईल" असं सांगितलं. आला नाही. विसाव्या दिवशी कळलं की मागणी 'रिमोट खराब' या सदरात नोंदली गेली होती आणि रिमोटची तक्रार तपासून बंदही झाली होती. काउंटरवरून उठण्याआधी नोंद कुठल्या सदरात केली ते पडद्यावर स्वतः वाचा, तक्रार क्रमांकासह फोटो घ्या. मी पुन्हा नोंद केली तेव्हा तेच केलं आणि बोर्ड अकराव्या दिवशी आला.

मधल्या काळात एमसीबी खाली आणि शटर हातसाखळीवर. साइड मोटरला ही साखळी असतेच. लोड शेडिंगलाही तीच उपयोगी पडते, म्हणून ती लेकरांच्या हाताला लागणार नाही पण आपल्याला सापडेल अशा उंचीवर खुंटीला अडकवा. साखळी ओढताना वीज बंदच हवी.

बोर्ड बसला, तरी गोष्ट संपली नाही. सेन्सरच्या रिलेला, म्हणजे बोर्डाला इशारा देणाऱ्या आतल्या स्विचला, दोन तऱ्हेनं वायर लावता येते: एनओ (एरवी तुटलेली जोडणी) आणि एनसी (एरवी जुळलेली). फिटरनं एनओवर लावली. किरणात झाडू फिरवला, शटर थांबलं, त्यानं सामान आवरायला घेतलं. मी त्याला थांबवून सेन्सरची एक वायर काढायला लावली, तर शटर खुशाल खाली आलं. एनओ जोडणीत वायर तुटली, उंदरानं कुरतडली किंवा सेन्सर मेला, तरी बोर्डाला वाटतं की रस्ता मोकळा आहे. एनसीवर मात्र वायर तुटणं आणि लेकरू मधे येणं हे बोर्डाला एकच वाटतं, आणि शटर खाली येत नाही. काही कंपन्या ही नावं उलटी छापतात, म्हणून छापील अक्षरांवर जाऊ नका. मेन बंद करून वायर काढा, मेन चालू करा आणि खाली जायचं बटण दाबा. शटर हललं तर जोडणी चुकली. हीच चाचणी सेन्सरचा वीजपुरवठा तोडूनही करा.

उंची: जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या वर नको, रांगणारं लेकरू त्याखालून जायला नको. पण उंच गाडी अर्धी आत अर्धी बाहेर उभी राहिली तर एवढ्या खालचा किरण दोन चाकांच्या मधून, गाडीच्या पोटाखालून निघून जातो आणि शटर टपावर येतं. म्हणून दुसरी जोडी दोन फूट उंचीवर. घेणारा डबा उन्हाच्या तोंडी नको. आमचं दार पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य थेट काचेत शिरून शटर विनाकारण थांबायचं. सोडणारा आणि घेणारा यांच्या बाजू अदलाबदल केल्या, थांबलं. उन्हाळ्यात धुळीनंही हेच होतं, आठवड्याला सुक्या फडक्यानं पुसायचं.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं. साइड मोटर लागली की स्प्रिंगा जातात आणि सव्वाशे किलो एका चेनवर लटकतात. चेन तुटली तर सेन्सर काहीच करू शकत नाही. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, मोटरच्या विरुद्ध बाजूला, शटर कोसळू न देणारा सेफ्टी ब्रेक मागून घ्या. तो खर्च फॅब्रिकेशनवाला कोटेशनमध्ये स्वतःहून धरत नाही.

मोटर नसलेल्या हाती शटरला त्याच्या स्प्रिंगाच तोलून धरतात. अर्ध्यावर सोडलं तर शटर तिथंच थांबायला हवं. धपकन खाली येत असेल तर स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली आहे. ती घरी सोडवू नका. पिळलेली स्प्रिंग सुटली की पाना हातातून हिसकावून फिरवते आणि मनगट जातं.

भिंतीवरचं बटण पाच फुटांवर, आणि जिथून पूर्ण शटर दिसतं तिथंच. तळाच्या अँगलला लोंबकळून वर जायचा खेळ लेकरं खेळतात, वरच्या गुंडाळीत बोटं जातात.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरची घरं तशीच वरखाली होतात. गाइड चॅनल, म्हणजे शटरच्या कडा ज्यातून सरकतात ती बाजूची उभी खाच, ओळंब्यातून सुटतं आणि शटर एका अंगानं अडकतं. मोटर जोर लावून ओढत राहते, पट्टीची कडा चॅनलमधून निसटते. जूनमध्ये आणि परत फेब्रुवारीत ओळंबा लावून पाहा. 3.5 मीटर रुंदीपर्यंत चॅनलची खोली किमान 65 मिलिमीटर हवी, त्याहून रुंद शटरला 75. कमी खोलीच्या चॅनलमधून अवकाळीच्या वाऱ्यात पट्ट्या फुगून बाहेर येतात. चॅनलला ग्रीस लावू नका, धूळ बसून कणकेसारखा लगदा होतो. मेण किंवा सिलिकॉनचा फवारा पुरतो.

शटर लोखंडी, मोटर त्याला चिकटून, आणि पावसात फरशी ओली. अर्थिंग शटरच्या चौकटीलाही हवं आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. रिमोट हरवला तर नवा घेऊन भागत नाही, जुना कोड बोर्डातून पुसावा लागतो. पुसताना बहुतेक बोर्डांत सगळेच रिमोट जातात, मग घरातले सगळे गोळा करून पुन्हा शिकवायचे. फिटर जाण्याआधी हे त्याच्यासमोर एकदा स्वतःच्या हातानं करून घ्या.