मुलांचा सोरायसिस: मलम किती आणि कुठे

सोलापूरच्या कोरड्या हवेत कोपरा-गुडघ्यांवरचे चट्टे लवकर भेगाळतात. अंघोळीनंतर लेकराचं अंग टॉवेलने घासू नका, टिपा. घासलं की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. त्वचा ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा.

स्टिरॉइड मलमाची मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरते. फक्त चट्ट्यावर, डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस. चेहरा, काख, जांघ इथे तीव्र स्टिरॉइड नकोच, कातडी पातळ होते. तिथे बऱ्याचदा टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम देतात.

आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलं गजकर्णाचं मिश्र मलम कृपा करून लावू नका! त्यात अनेकदा क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टिरॉइड असतं. आधी चट्टा विरतो, बंद केलं की दुप्पट उसळतो. खपल्या सैल करणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिड कॅल्सिपोट्रिऑलसोबत (सोरायसिसचं ‘ड’ जीवनसत्त्वासारखं औषध) लावलं तर कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं.