एसचं पीक

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता, त्यामुळे साताऱ्यातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये जॅम, क्रश, पल्प यांची रांग लागलेली. काका तीन बाटल्या क्रश आणि स्टीलच्या डब्यात गोठवलेला पल्प घेऊन आले. पुण्याच्या खरेदीदाराने त्यांचे पैसे अडवले होते. एसेन्स मारलाय, असं त्याचं म्हणणं.

"मॅडम, आमच्या फळाला काय वास कमी हाय का?" काका म्हणाले.

वासावरून काही सिद्ध करता येत नाही. स्ट्रॉबेरीच्या वासातला सगळ्यात ओळखीचा घटक, फ्युरानिओल, इथे कुचकामी. त्याची दोन आरशातली रूपं आपोआप एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे फळातही ती निम्मी-निम्मीच सापडतात. आम्ही पाहतो तो वासातलाच दुसरा घटक, गॅमा-डेकालॅक्टोन. त्याचीही आरशातली दोन रूपं असतात, आर आणि एस, पण ती अशी आपोआप बदलत नाहीत. स्ट्रॉबेरीच्या काही जातींत तो जवळपास नसतोच, पण काकांच्या मालात भरपूर होता. फळ तो बनवतं तेव्हा जवळजवळ सगळा आर रूपात असतो. कारखान्यात साध्या रासायनिक पद्धतीने बनवला, तर आर आणि एस समसमान निघतात.

ही दोन रूपं म्हणजे उजव्या आणि डाव्या सोंडेचे गणपती. वजन तेच, उत्कलनबिंदू तोच, फक्त वळण उलट. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, वाफेतले घटक लांब नळीतून (कॉलममधून) जाताना वेगळे करणारं यंत्र. त्याच्या नेहमीच्या कॉलममधून दोघं एकत्रच बाहेर पडतात. म्हणून वेगळा कॉलम लागतो: तीस मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर व्यासाची सिलिकाची नळी आणि तिच्या भिंतीवर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या सुधारित रूपाचा लेप. स्टार्चपासून मिळणारे हे पदार्थ फ्रान्समध्ये व्हिलिए यांना १८९१ मध्येच सापडले होते. बीटामध्ये ग्लुकोजचे सात रेणू गोल जोडलेले असतात, बूड काढलेल्या बादलीसारखे. ग्लुकोजला स्वतःला वळण असल्यामुळे त्या बादलीलाही वळण येतं. मग एक गणपती तिच्यात किंचित नीट बसतो, दुसरा किंचित अवघडतो. फरक इतका बारीक की तापमान मिनिटाला दोन अंशांनीच वाढवावं लागतं. घाई केली की दोन्ही पुन्हा एकत्र. एका नमुन्याला पाऊण तास सहज जातो, आणि नळीतून वाफ वाहून नेणारा हेलियम महाग.

हे सगळं सांगायचं कारण, त्या शुक्रवारी आम्ही घाई केली.

आधी कृत्रिम स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा कारखान्यातला लॅक्टोन, लावलं. आलेखावर दोन सारख्या उंचीची पीकं, म्हणजे टोकं, आली. (काका शेजारी उभे होते. "पीक चांगलं आलंय" हे ऐकून त्यांना वाटलं, त्यांच्या शेताबद्दल बोलतोय.) यानंतर रिकामी बाटली लावून ब्लँक घ्यायचा असतो. आमच्या नव्या पोराने विचारलं, "मॅडम, ब्लँक सोडू का? संध्याकाळ होईल." मी म्हटलं, चालेल.

शनिवारी सकाळी पहिल्या बाटलीचा आलेख पाहिला. आरचं उंच पीक आणि त्याच्या बाजूला एसचं बुटकं, दोन्ही मिळून होणाऱ्या क्षेत्रफळाच्या सात टक्के. कृत्रिम माल निम्मा-निम्मा असतो, म्हणजे सात टक्के एस दिसला तर चौदा टक्के बाहेरून आलेला. हिशोब सरळ होता. तेवढ्यात काकांचाच फोन आला. बाकीचे आलेख मी अजून उघडलेही नव्हते. "दिसतंय काहीतरी," मी बोलून गेले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा चारही आलेख एकाखाली एक ठेवले. पहिल्या बाटलीत सात टक्के, दुसरीत चार, तिसरीत दोन, पल्पमध्ये जेमतेम दिसेल इतका. जिना उतरावा तसं. तिन्ही बाटल्या एकाच घाण्यातल्या होत्या. एकाच कढईत एसेन्स ओतला, तर तो बाटलीगणिक कमी कसा होईल?

पोटात गोळा आला. नमुन्यावरची वाफ शोषून घेणारा तो बारीक फायबर पुन्हा स्टँडर्डच्या बाटलीत घातला आणि लगेच रिकाम्या बाटलीवर चालवला. रिकाम्या बाटलीतून दोन सुरेख, सारखी पीकं आली. शुक्रवारच्या स्टँडर्डचा लॅक्टोन फायबरला चिकटून राहिला होता आणि प्रत्येक नमुन्यात थोडा थोडा उतरत गेला होता. काकांच्या क्रशमधला एस आमच्याच स्टँडर्डचा होता.

फायबर तापवून स्वच्छ केला, इंजेक्शनच्या जागची काचेची नळी बदलली, ब्लँक सपाट येईपर्यंत थांबले. मग क्रम उलटा लावला: आधी पल्प, मग बाटल्या, स्टँडर्ड सगळ्यात शेवटी. सगळीकडे आर एकटा. एसच्या जागी नुसती खरखर.

काका बुधवारी आले. मी झालेली चूक सरळ सांगितली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना वेगळंच हवं होतं: कागदावर "शंभर टक्के नैसर्गिक" असं लिहून द्या. ते मला लिहिता येईना. एस भरपूर दिसला तर कृत्रिम माल मिसळलाय हे छातीठोक सांगता येतं, उलट मात्र तसं नाही. एरंडेलातल्या आम्लावर यीस्ट वाढवून हाच लॅक्टोन बनवतात, तोही आर रूपात, आणि माझ्या कॉलमला तो फळातलाच वाटतो.

"एरंडेलापास्नं हा वास?" काका पहिल्यांदा हसले.

मी लिहिलं: "समसमान रूपांचा कृत्रिम गॅमा-डेकालॅक्टोन मिसळल्याचं आढळलं नाही." खरेदीदाराला तेवढं पुरेल, असं मला वाटत होतं. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तरी खुर्चीतून उठेनात.

"बॉयलरवर आमचा धाकटा भाऊ असतो," ते म्हणाले. "तुमचा फोन झाल्यावर म्हटलं, त्यानंच कायतरी ओतलं असंल. चार दिवस झालं, मी त्याच्याशी बोललो नाय."

"नंबर द्या काका, मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

"नको," ते उठत म्हणाले. "ह्याचीच आणखी एक प्रत द्या. घरच्यासाठी."