ओपन कव्हरपासून फलनांपर्यंत : सिलेक्शन प्रिन्सिपल्सच्या अभ्यासाची नोंद

ओपन कव्हर म्हणजे टोपॉलॉजीतला अवकाश झाकणाऱ्या ओपन संचांचा समूह; अशा कव्हरांच्या क्रमिकेतून मोजके संच निवडून अवकाश झाकता येतो का, हे सिलेक्शन प्रिन्सिपल्स विचारतात. मागच्या टप्प्यात व्याख्या आणि त्यांचा क्रम आटोपला होता: सिग्मा-कॉम्पॅक्ट (गणनीय इतक्या कॉम्पॅक्ट संचांचा संयोग; कॉम्पॅक्ट म्हणजे दर कव्हरमधले सांत संख्येचे संच पुरतात) असेल तर हुरेविच, हुरेविच असेल तर मेंगर, मेंगर असेल तर लिंडेलोफ (दर कव्हरमधले गणनीय संच पुरतात). या वेळी प्रत्येक बाण उलटा का फिरत नाही, हे स्वतः करून बघायला घेतलं. कव्हरांशी झटायला बसलो होतो, पण बराचसा वेळ गेला तो फलनं किती वेगाने वाढतात हे मोजण्यात. या विषयाची खरी गंमत मला तिथेच वाटते.

उजळणीपुरत्या व्याख्या. पुढ्यात ओपन कव्हरांची अनंत क्रमिका येते. प्रत्येक कव्हरमधून सांत संख्येने संच उचलायचे आणि सगळ्यांनी मिळून अवकाश झाकला गेला, की झालं मेंगर. हुरेविचमध्ये प्रत्येक बिंदू सांत संख्येचे टप्पे वगळता बाकी सगळ्या टप्प्यांवर झाकलेला हवा. रॉथबर्गरमध्ये दर कव्हरमधून एकच संच घेता येतो. पहिल्या दोन कल्पना १९२४-२५ च्या, तिसरी १९३८ ची.

अपरिमेय संख्या लिंडेलोफ आहेत, पण मेंगर नाहीत. त्यांना नैसर्गिक संख्यांच्या क्रमिका मानलं की पुरावा दोन ओळींत होतो. क्रमांक न च्या कव्हरमध्ये न-व्या जागेवरच्या किमतीनुसार संच पाडा: किंमत एक असलेल्या क्रमिका, दोन असलेल्या, तीन असलेल्या, वगैरे. तुम्ही दर टप्प्याला सांत संख्येने संच उचललेत, की मी प्रत्येक जागेवर तुमच्या सर्वांत मोठ्या निवडीपेक्षा मोठी संख्या लिहितो. ही क्रमिका तुमच्या एकाही संचात सापडत नाही.

हीच युक्ती कँटर संचावर (शून्य-एकच्या सगळ्या क्रमिकांवर) चालवली की तो रॉथबर्गर नाही हे मिळतं. दर टप्प्याला कव्हरमध्ये दोनच संच, शून्यवाला आणि एकवाला. तुम्ही एक घ्याल, मी उलटं लिहीन. एकूण लांबीचा हिशेब करून येणारा पुरावाही आहे, पण मला हा जास्त आवडतो, कारण त्यात माप मुळीच लागत नाही. शिवाय कँटर संच कॉम्पॅक्ट आहे, त्यामुळे कॉम्पॅक्ट असूनही रॉथबर्गर नसणं शक्य आहे हे लगेच कळतं.

आता मुख्य दुवा. कव्हरं गणनीय करून घ्या आणि प्रत्येकातल्या संचांना क्रमांक द्या. मग प्रत्येक बिंदूला एक फलन मिळतं: न-व्या कव्हरमधल्या ज्या संचात तो बिंदू पहिल्यांदा सापडतो त्याचा क्रमांक. दर टप्प्याला सुरुवातीचे काही संच उचलणं म्हणजे आपलंही एक फलन निवडणं. प्रत्येक बिंदूचं फलन आपल्या फलनाच्या खाली निदान एकदा तरी आलं, तर मेंगरचं काम झालं. काही टप्प्यांनंतर ते कायम खाली राहिलं, तर हुरेविचचं. म्हणून वास्तव संख्यांच्या संचांसाठी १९२७ मधलं हुरेविचचं प्रमेय असं: क्रमिकांच्या अवकाशात पडणारी कोणतीही संतत प्रतिमा सगळ्या फलनांवर मात करणारी नसेल तर मेंगर, आणि प्रत्येक प्रतिमा मर्यादित, म्हणजे काही टप्प्यांनंतर एकाच फलनाखाली मावणारी, असेल तर हुरेविच. डी आणि बी हे कार्डिनल (अनंत संचांचे आकार) इथूनच आत येतात: सगळ्या फलनांवर मात करणारा, म्हणजे प्रत्येक फलनाला एका जागेनंतर मागे टाकणारं फलन ज्यात आहे असा, सर्वांत लहान फलनसंच डी आकाराचा, आणि मर्यादित नसलेला सर्वांत लहान फलनसंच बी आकाराचा. डीपेक्षा लहान संच आपोआप मेंगर, बीपेक्षा लहान संच आपोआप हुरेविच.

मेंगरचा तर्क होता की मेट्रिक अवकाशांत मेंगर म्हणजे सिग्मा-कॉम्पॅक्टच. सेट थिअरीची जादा गृहीतकं न घेता तो खोटा ठरायला १९८८ साल उजाडलं; फ्रेमलिन आणि मिलर यांचं ते काम. पुराव्याची मांडणी मला फार आवडली, कारण तो जग कसं आहे हे विचारतच नाही, दोन्ही शक्यता हाताळून मोकळा होतो.

पहिली शक्यता, डी हा अलेफ-वनपेक्षा (सर्वांत लहान अगणनीय आकारापेक्षा) मोठा. अलेफ-वन आकाराचा वास्तव संख्यांचा कोणताही संच घ्या. तो डीपेक्षा लहान, म्हणून मेंगर. पण अगणनीय सिग्मा-कॉम्पॅक्ट संचात कँटर संच बसलेला असतो, म्हणजे त्याचा आकार कंटिन्युअमइतका (सगळ्या वास्तव संख्यांइतका) असायला हवा. हा त्याहून लहान, म्हणून सिग्मा-कॉम्पॅक्ट नाही.

दुसरी शक्यता, डी म्हणजे अलेफ-वनच. मग बीसुद्धा तेवढाच. अलेफ-वन लांबीची चढती फलनमाला बांधायची, अशी की कोणत्याही फलनाला मालेतलं एका जागेनंतरचं प्रत्येक फलन मागे टाकेल. त्यात ‘शेवटी अनंत’ होणाऱ्या, म्हणजे एका जागेनंतर सगळीकडे अनंत ही किंमत घेणाऱ्या, क्रमिकांचा गणनीय संच मिळवायचा. या गणनीय भागाला झाकणाऱ्या ओपन संचाच्या बाहेर जे उरतं ते कॉम्पॅक्ट, म्हणून एका फलनाखाली मावणारं, म्हणून मालेतले गणनीयच सदस्य बाहेर. निम्म्या कव्हरांनी गणनीय भाग झाका, उरलेल्या निम्म्यांनी बाहेर राहिलेले. दर कव्हरमधून एकच संच पुरतो, म्हणजे हा संच मेंगरच काय, रॉथबर्गरही आहे. आणि रॉथबर्गर संचात कँटर संच बसूच शकत नाही, म्हणून सिग्मा-कॉम्पॅक्टही नाही. वरचा शून्य-एकचा खेळ इथे कामी आला, याचा मला खूप आनंद झाला.

हुरेविचचा तर्क होता की मेट्रिक अवकाशांत हुरेविच म्हणजे सिग्मा-कॉम्पॅक्टच; त्याचंही १९९६ मध्ये असंच झालं. अगणनीय रॉथबर्गर संच मात्र वेगळंच प्रकरण आहे: लेव्हरच्या १९७६ च्या मॉडेलमध्ये ते वास्तव संख्यांत नाहीतच, कारण तिथे बोरेलचा तर्क (प्रबळ शून्य-मापाचा प्रत्येक संच गणनीय असतो) खरा आहे, आणि रॉथबर्गर संच त्याच प्रकारचे असतात. ओमेगा-कव्हर सध्या वरवर चाळली. दर सांत उपसंचाला एकाच संचात झाकणारी कव्हरं घेऊन मेंगरचाच निवडीचा नियम लावला, आणि निवडलेल्या संचांचंही तसंच कव्हर व्हायला हवं असं म्हटलं, की सगळे सांत घात मेंगर असण्याची अट मिळते. पुरावा अजून नीट लिहायचा आहे.

पुढे गेम्स. पहिला खेळाडू कव्हर देतो, दुसरा त्यातून सांत संख्येने संच उचलतो; असं अनंत वेळा होऊन उचललेल्या संचांनी अवकाश झाकला, तर दुसरा जिंकतो, नाहीतर पहिला. पहिल्याकडे हमखास जिंकण्याचा डाव नसणं म्हणजेच मेंगर, हेही हुरेविचचं. दुसऱ्याकडे असा डाव असणं म्हणजे मेट्रिक अवकाशांत सिग्मा-कॉम्पॅक्ट. म्हणजे वरचे दोन्ही संच असे, की तिथे दोघांपैकी कोणाकडेच हमखास डाव नाही. पहिल्या खेळाडूचा कोणताही डाव मोडायचा तर त्याच्या चालींचं अख्खं झाड एका फलनात उतरवावं लागतं, त्याचा खर्डा सुरू केला आहे.