गल्ला काचेचा का?

घरी येणारा प्रत्येक जण हे विचारतोच, पोरीचे पैसे साठवायला ही लोणच्याची काचेची बरणी कशाला, तीही झाकण नुसतं टेकवलेली, बाजारात किती छान पिगी बँका मिळतात. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

१९८२ चा गिरणी संप. १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, मी चौथीत, लालबागच्या चाळीत एक खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. आज मिटेल उद्या मिटेल करत दोन महिने गेले (तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे पुढे कळलं) आणि मार्चला अण्णा गावी गेले, तेवढंच खाणारं एक तोंड कमी. आई खानावळ चालवायची, म्हणजे आमच्याच खोलीत आठ-दहा गिरणीवाले जेवायचे, पण जेवणारेच गावी गेले तर कसली खानावळ.

मग मी पहाटे आरेच्या सेंटरवर लाइनीत उभा राहायला लागलो. बेस्टमध्ये, पोस्टात नोकरीला असलेल्यांच्या चार घरांचं दूध आणायचं, कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन जायच्या, घरटी महिन्याला दोन रुपये. नोट मिळाली तर मी रुपयाची नाणी करून आणायचो, कारण मातीच्या गल्ल्यात वाजायला पाहिजे ना! जूनमध्ये फोडायचा आणि वाण्याची थोडी उधारी फेडायची, आईला सरप्राइज, असा प्लॅन. तीन महिन्यांचे चोवीस रुपये, हिशोब पक्का. मधेमधे हलवल्यावर आवाज बोदा यायचा पण मला वाटायचं मातीला ओल धरली असेल.

फोडला तर सात नाणी निघाली. बाकी बटणं. सदऱ्याची, पांढरी, चार भोकांची, एकाला तर दोरा तसाच लोंबत होता. खापरी उचलली तर फटीच्या कडेला केसांच्या आकड्याचे ओरखडे.

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सतरा आहेत, बघ मोजून. रुपयाला एक टाकलंय." आणि मग, "सरक, पायाला लागेल."

मी मोजली. सतराच होती. पैसे कशाला घेतले ते विचारलं नाही, रॉकेलला, मिठाला, कशालाही असतील. ते सतरा रुपये काही परत आले नाहीत, पण त्यातली सहा बटणं त्याच जूनमध्ये माझ्या शाळेच्या शर्टाला लागली.

मला राग पैशांचा नव्हताच हो, आई रात्री सगळे झोपल्यावर अंधारात आकडा घालून एकेक रुपया काढत बसली असेल, तेच डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून बरणी काचेची. रिक्षाला सुट्टे नसले की मीही त्यातून घेतो आणि चिठ्ठी टाकतो. काल पोरगी बरणी हातात घेऊनच आली, "बाबा, तीन चिठ्ठ्या झाल्यात, एकशे दहा. कधी देताय?"