नवा फोन आणायला सातारा ते पुणे : पहिल्या दिवसाचा वृत्तांत

आगाऊ नोंदवलेला फोन विक्रीच्या पहिल्याच दिवशी हाती यावा, या हौसेपायी गेल्या शुक्रवारी पहाटे पाचच्या विनाथांबा बसने मी साताऱ्याहून निघालो. स्वारगेटहून भुयारी मेट्रोने एकच स्थानक जाऊन मंडईला उतरलो, तेव्हा आठही वाजले नव्हते. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला जायचे असल्यास हाच मार्ग धरावा. तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ जाते.

रांगेचा त्रास म्हणावा तसा झाला नाही. खरी अडचण दुकान उघडल्यावर सुरू झाली, कारण बिले करणारी यंत्रणाच बंद पडली. "काका, सर्व्हर डाऊन आहे, पाच मिनिटांत होईल," असे काउंटरवरचा मुलगा दर अर्ध्या तासाने सांगत होता. दुपारी एकच्या सुमारास माझे डेबिट कार्ड घासले गेले, तर खात्यातून पैसे कापल्याचा संदेश आला, पण मशीनमधून स्लिप काही बाहेर पडेना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. म्हणून तेच कार्ड पुन्हा न घासता, संदेशातील वेळ व क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. मी दुसऱ्या खात्यातून यूपीआयने पैसे भरले.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी. नव्या फोनमध्ये साध्या सिमची खाच असताना, त्या मुलाच्या उत्साहाला भुलून मी ई-सिमची (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणाऱ्या सिमची) विनंती पाठवली आणि एक्सचेंजचे ९,५०० रुपये वळते करून घेण्यासाठी जुना फोन पुसून त्याच्या हवाली केला. जुने सिम बंद पडले, नव्यात नेटवर्क येईना. ११ जुलै २००८ रोजी आयफोन ३जी अनेक देशांत एकाच दिवशी विक्रीला आला, तेव्हाही सर्व्हर कोलमडून कित्येकांच्या हाती बंद फोन राहिले होते. हे मला ठाऊक होते, पण ते आठवले स्वारगेटला.

तिथे माझ्याकडे कोरा करकरीत फोन होता आणि खिशात साठ रुपये. वाहकाकडे यूपीआयची सोय होती; माझ्याकडे इंटरनेट नव्हते. पाठ असलेला क्रमांक एकच, घरचा. एका विद्यार्थिनीने आपल्या फोनवरून तो लावून दिला, पत्नीने तिच्या खात्यावर पैसे पाठवले, आणि तिने माझे तिकीट काढले.

ई-सिम रात्री नऊला, मी घरी पोहोचल्यावर, सुरू झाले. मात्र सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, त्यामुळे बँकेचा ओटीपी शनिवारी रात्रीपर्यंत मिळाला नाही. ज्यांना त्या दिवसांत हप्ता किंवा वीजबिल भरायचे असेल, त्यांनी ते आधीच उरकावे. नव्या फोनवरून एक कॉल लागेपर्यंत जुना हातचा सोडू नये, मग एक्सचेंजचे पैसे बुडाले तरी चालतील. पाचशे रुपये रोख ठेवावेत. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी काउंटरवरच जुळवावा. माझ्या बिलावर घाईत एक आकडा चुकला होता आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी मला येत्या सोमवारी पुन्हा पुण्याला जायचे आहे.